स्लो कुकरमधली सॉसेज ग्रेव्ही: रात्री लावली तर सकाळी तयार मिळेल का?

प्रश्न असा आहे. अमेरिकेत टेनेसीतल्या नॅशव्हिलजवळ राहणाऱ्या एका ताईंना रविवारी सकाळी नऊ वाजता मुलाच्या बेसबॉल टीमला आणि पालकांना मिळून पंचवीस जणांना न्याहारी द्यायची आहे. बेत आहे 'बिस्किट्स अँड ग्रेव्ही'चा. गेल्या वेळी त्यांनी झोपायच्या आधी कच्चं सॉसेज, दूध आणि मैदा एकत्र करून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारं विजेचं भांडं, 'लो'वर लावला. सकाळी झाकण उघडलं तर वर तेलाचा तवंग, मध्ये फाटलेलं दूध, बुडाला मैद्याचा लगदा आणि सॉसेजचा एक अखंड करडा गोळा. चूक कुठे झाली आणि रात्रभर लावून ठेवायची काही खात्रीची पद्धत आहे का, असं त्या विचारतात.

आधी सरळ उत्तर देतो. दूध घालून रात्रभर लावायची खात्रीची पद्धत नाही. मला तरी सतरा वर्षांत सापडली नाही, आणि ज्यांनी सापडली म्हणून छातीठोकपणे सांगितलं त्यांच्या घरची ग्रेव्ही मी खाल्लेली आहे. पण ताई, तुमचं सकाळचं शेगडीजवळचं काम अर्ध्या तासावर आणता येतं. ग्रेव्ही शेगडीवर करायची आणि स्लो कुकरला ती सांभाळायला द्यायची, एवढं धरून चाला. बाकीचं सगळं त्यातूनच येतं.

मी पूर्व टेनेसीत एका छोट्या हॉटेलच्या न्याहारीच्या किचनमध्ये काम करतो. साडेसहाला ग्रेव्ही बाहेर लागते, दहाला उचलतो. साडेतीन तास ती पातळ पडता कामा नये, घट्ट होऊन चमचा उभा राहता कामा नये आणि कुणाचं पोटही बिघडता कामा नये. मूळचा मी साताऱ्याकडचा, घर शाकाहारी. पहिली दोन वर्षं मी ही ग्रेव्ही न चाखता करत होतो, वासावर आणि पळीवरून ओघळते कशी त्यावर. आजी नैवेद्याचा स्वयंपाक न चाखता करायची ते लहानपणी पाहिलं होतं. ते इथे डुकराच्या सॉसेजला कामी येईल असं तिला सांगितलं असतं तर तिनं मला घरातच घेतलं नसतं.

जे इकडे राहत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. इथलं बिस्किट म्हणजे चहात बुडवायचं ते नव्हे. ताक, लोणी, मैदा आणि बेकिंग पावडर यांचं, पदर सुटणारं, मऊ, गरमागरम पावासारखं प्रकरण असतं. ते मधून उकलायचं आणि वर पांढरी, मिरी टोचणारी, सॉसेजचे बारके तुकडे असलेली दुधाची ग्रेव्ही ओतायची. अ‍ॅपलाचियन डोंगरांतल्या गरिबाघरची ही न्याहारी. थोडं सॉसेज, त्याचीच चरबी, मूठभर पीठ आणि घरचं दूध एवढ्यावर दहा माणसं जेवतात. लाकूड कापायच्या गिरण्यांवरच्या मजुरांना हीच मिळायची, म्हणून तिला 'सॉमिल ग्रेव्ही' असंही म्हणतात. घट्ट झाली की आचाऱ्यानं भुसा घातला असं मजूर म्हणायचे, ही गोष्ट इथे प्रत्येक म्हातारा आपल्याच आजोबांची म्हणून सांगतो.

आता चूक कुठे झाली ते बघू. त्यासाठी हे भांडं कशासाठी जन्माला आलं ते लक्षात घ्यायला हवं. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईनं लिथुआनियातल्या विल्नो गावची आठवण सांगितली होती. शब्बाथच्या दिवशी ज्यू घरांत विस्तव पेटवत नाहीत, म्हणून आदल्या संध्याकाळी घेवड्यासारख्या दाण्यांचं, मांसाचं आणि बटाट्याचं 'चोलेंत' गावातल्या भट्टीत ठेवायचं आणि भट्टीच्या निवत्या आचेवर ते रात्रभर शिजायचं. नॅक्सन यांनी आपल्या भांड्याचं नाव 'बीनरी' ठेवलं होतं. पुढे रायव्हल कंपनीनं १९७० मध्ये तो धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये 'क्रॉक-पॉट' या नावानं ते बाजारात आणलं. म्हणजे हे भांडं घेवड्याचं आणि चिवट मांसाचं. त्यांना आठ तास मंद आच लागते. दुधाला आणि मैद्याला ती मानवत नाही.

मैद्याचं घ्या. पिठलं करताना बेसन आधी गार पाण्यात कालवतो आणि मग उकळत्या फोडणीत घालून घोटतो, ते कशासाठी? पिठाचा प्रत्येक कण सुटा राहून एकदम गरम व्हावा म्हणून. ग्रेव्हीत हेच काम पाण्याऐवजी चरबी करते. गरम चरबीत मैदा परतला की कणाकणाला चरबीचं आवरण चढतं, मग दूध घातलं तरी ते एकमेकांना चिकटत नाहीत. दुसरं असं की मैद्यातला स्टार्च साठ अंश सेल्सिअसच्या आसपास फुगायला लागतो, पण पूर्ण घट्टपणा यायला उकळीच्या जवळ जावं लागतं. स्लो कुकरमध्ये गार दूध आणि कोरडा मैदा घातला की तिथवर पोचायला तीन-चार तास जातात. तेवढ्यात मैदा बुडाला बसतो, तिथेच शिजून लगदा होतो, आणि वरचं दूध बिचारं पातळच राहतं. तुमच्या कुकरच्या बुडाला सापडलं ते हेच.

दुधाचं दुखणं वेगळं. बासुंदी आटवताना आपण शेजारून हलत नाही, कारण दूध हे लक्ष मागणारं आहे. तास-दीड तास त्याला सांभाळता येतं. आठ तास सॉसेजच्या मिठात आणि मसाल्यात ते तापत राहिलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि पाणी वेगळं होतं. कमी चरबीचं दूध तर लवकरच फाटतं. इथे एक गंमत आहे, आधी नीट फुगलेला स्टार्च दुधात असला तर तो प्रथिनांना एकमेकांजवळ सहजी येऊ देत नाही. म्हणजे मैदा आधी शिजवण्याचा फायदा दुहेरी आहे.

आणि तो करडा गोळा. इथलं न्याहारीचं सॉसेज आतड्याच्या नळीत भरलेलं नसतं. एक पौंडाची, साधारण ४५४ ग्रॅमची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली जाड वळकटी मिळते आणि आत खिम्यासारखं सुटं मिश्रण असतं. सेज नावाचा पाला, मिरी, थोडी लाल मिरची, मीठ. ते कच्चंच दुधात सोडलं की शिजता शिजता एकमेकांना घट्ट धरतं. शिवाय नुसतं उकडलं जातं, खरपूस होत नाही. या ग्रेव्हीची निम्मी चव तव्याला लागलेल्या तपकिरी खरवडीत असते, आणि स्लो कुकरमध्ये खरवड धरतच नाही.

आता करायचं काय ते सांगतो. पंचवीस जणांत पोरं निम्मी धरून तीन पौंड सॉसेज पुरतं, म्हणजे एक किलो ३६० ग्रॅमच्या आसपास. एक कप मैदा, साधारण १२५ ग्रॅम. दूध सगळं मिळून दहा कप, म्हणजे जवळपास दोन लिटर चारशे मिलिलिटर. त्यातलं सात कप साईसकट असतं ते साधं दूध आणि उरलेलं तीन कप 'इव्हॅपोरेटेड मिल्क', म्हणजे बारा औंसांचे दोन डबे. हे डब्याचं दूध आटवून डब्यातच चांगलं तापवलेलं असतं आणि ते फाटू नये म्हणून त्यात थोडे क्षार घातलेले असतात. त्यामुळे टेबलावर दोन तास ठेवायच्या ग्रेव्हीला ते पाठीराख्यासारखं उभं राहतं. सगळंच डब्याचं मात्र घालू नका, त्याची शिजकट गोडसर चव पुढे येते. एवढा ऐवज सहा क्वार्टच्या, म्हणजे पावणेसहा लिटरच्या कुकरमध्ये साधारण दोन तृतीयांशापर्यंत येतो आणि तेवढाच यावा. काठोकाठ भरलेला कुकर नीट तापत नाही.

आदल्या रात्री फक्त सॉसेज परतून ठेवायचं. बिडाचा तवा असेल तर उत्तमच. आमच्याकडे टेनेसीतल्याच साउथ पिट्सबर्गच्या लॉज कारखान्याचे तवे आहेत, १८९६ पासूनचा कारखाना. पण जाड बुडाचं कुठलंही पसरट भांडं चालेल. तीन पौंड एकदम घालू नका, गर्दी झाली की पाणी सुटतं आणि परत उकडणंच होतं. एका वेळी एक पौंड, मध्यम-मोठी आच. पहिली दोन मिनिटं हात लावायचा नाही, खालून रंग धरू द्यायचा. मग लाकडी उलथन्यानं मोडत जायचं. तुकडे किती बारीक? तुरीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंत. मोठा तुकडा पळीतून निसटतो आणि शेवटच्या माणसाच्या ताटात नुसत्या सॉसेजचा ढीग येतो. मांस आतून ७१ अंश सेल्सिअसला, म्हणजे १६० फॅरेनहाइटला गेलं पाहिजे. हा अमेरिकी कृषी खात्याचा डुकराच्या खिम्यासाठीचा आकडा आहे. इतक्या बारक्या तुकड्यांना रंग आला की ते तिथवर पोचलेलेच असतात, पण सळईचा थर्मामीटर घरात असू द्या, पुढे लागणार आहे.

शेवटचा घाणा काढल्यावर तव्यात अर्धा कप दूध ओता आणि उलथन्यानं बूड खरवडून घ्या. ते तपकिरी दूध म्हणजे सोनं आहे, टाकू नका. सॉसेज, चरबी आणि ते दूध तीन वेगळ्या डब्यांत, पसरट डब्यांत, फ्रीजमध्ये. चरबी मोजून ठेवा. मैदा एक कप असेल तर चरबी पाऊण ते एक कप लागते. सॉसेजमध्ये नियमानं निम्म्यापर्यंत चरबी असू शकते, त्यामुळे एका कंपनीच्या पाकिटातून वाटीभर निघते आणि दुसऱ्यातून चार चमचे. टर्कीचं सॉसेज घेतलंत तर जवळजवळ काहीच निघत नाही. जेवढी कमी पडेल तेवढं लोणी घाला. चरबी कमी आणि मैदा तेवढाच असं केलंत की ग्रेव्हीला कच्च्या पिठाचा वास राहतो, मग कितीही वेळ ठेवा.

रविवारी सव्वासातला उठून ओट्यापाशी या. स्लो कुकरच्या मातीच्या भांड्यात नळाचं गरम पाणी ओतून तो 'हाय'वर लावा. तो तापेपर्यंत दूध दुसऱ्या शेगडीवर वाफ येईपर्यंत गरम करा, उकळी आणायची नाही. मोठ्या जाड पातेल्यात चरबी तापवा, सॉसेज घालून गरम करा आणि त्यावर मैदा भुरभुरवा, एका जागी ओतू नका. मध्यम आचेवर दोन-तीन मिनिटं परता. इथे मराठी हाताला आवरावं लागतं. आपल्याला बेसनाच्या लाडवाची सवय, खमंग वास येईपर्यंत भाजत राहतो. मैदा तसा भाजला की रंग तर जातोच, पण घट्ट करायची त्याची ताकदही कमी होते. कच्चा वास गेला, मिश्रण ओलसर वाळूसारखं दिसलं, की थांबा.

आता गरम दूध. पहिला कप घातला की सगळं एकदम घट्ट गोळा होईल, घाबरू नका, घोटत राहा. दुसरा कप, तिसरा कप. रात्रीचं ते तपकिरी दूधही याच वेळी. असं निम्मं दूध घालून पातेल्यात बुडबुडे यायला लागेपर्यंत ढवळा आणि त्यानंतर आणखी दोन मिनिटं. हे बुडबुडे म्हणजेच तुम्ही गेल्या वेळी चुकवलेली पायरी. स्टार्च इथे फुगला पाहिजे, कुकरमध्ये त्याला ती संधी मिळणार नाही. मग कुकरमधलं पाणी ओतून द्या, पातेल्यातली दाट ग्रेव्ही आत घाला, उरलेलं गरम दूध घालून सारखं करा, झाकण लावा. 'हाय'वर पाऊण तास. मध्ये एकदा, विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला, बुडापासून ढवळा.

हा पाऊण तास फुकट जात नाही. सॉसेजच्या तुकड्यांत दूध मुरतं, सेजचा वास सगळीकडे पसरतो, मैद्याची उरलीसुरली पिठाळ चव जाते. तव्यावर दहा मिनिटांत केलेल्या ग्रेव्हीपेक्षा ही अधिक गोल लागते, हे मी मान्य करतो, जरी आमच्या किचनमधली ज्या म्हातारीनं मला हे शिकवलं ती मरेपर्यंत मान्य करणार नाही. तिच्या मते विजेच्या भांड्यात केलेली ग्रेव्ही म्हणजे फोनवरून केलेलं लग्न.

मीठ आणि मिरी सगळ्यात शेवटी. सॉसेजमध्ये मीठ असतंच, आणि कुकरमध्ये थोडं पाणी उडून ते आणखी पुढे येतं. मी तीन पौंडाला बहुतेक वेळा पाव चमच्यापुढे जात नाही. मिरी मात्र हात सैल सोडून, दोन मोठे चमचे सहज, जाडसर कुटलेली आणि वाढायच्या दहा मिनिटं आधी. तासभर शिजलेली मिरी नुसती तिखट राहते, तिचा वास उडालेला असतो. आपल्या मंडळींना ग्रेव्ही फिकी वाटली तर हिरवी मिरची घालायचा मोह होतो. घाला बापडे, पण वेगळ्या वाटीत काढून. इथल्या पोरांचे आजोबा न्याहारीच्या बाबतीत फार कर्मठ असतात.

साडेआठला कुकर 'वॉर्म'वर टाका. दाटपणा कसा ओळखायचा? पळी बुडवून बाहेर काढा आणि तिच्या पाठीवरून बोट फिरवा. रेघ राहिली पाहिजे आणि तिच्या कडा दोन-तीन सेकंदांनी हळूच ओघळल्या पाहिजेत. ओघळल्याच नाहीत तर वाढायच्या मानानं ती जास्त घट्ट आहे. ताटात पडल्यावर ग्रेव्ही निवते तशी आणखी आळते, म्हणून कुकरमध्ये ती तुम्हाला हवी त्यापेक्षा थोडी पातळच दिसायला हवी. शेजारी दोन कप गरम दूध तयार ठेवा. दर अर्ध्या तासानं पाव-अर्धा कप दूध घालून बुडापासून आणि कडांपासून रबरी उलथन्यानं ढवळा. कडेला जी तपकिरी पट्टी धरते ती आत मिसळू नका, पुसून काढा, करपट लागते. साय धरलीच तर ढवळून जिरते.

झाकणाला आतून वाफ धरते आणि उघडताना ते पाणी ग्रेव्हीत पडून वर पाणचट डाग दिसतात. झाकण तिरपं न करता सरळ उचला आणि बाजूला नेऊन झटका. पण सारखं सारखं उघडू नका. पंचवीस माणसं रांगेत उभी असली की झाकण उघडंच राहतं, आणि मग त्या थर्मामीटरचं काम येतं.

इथे थोडा कडक होतो. ग्रेव्ही ६० अंश सेल्सिअसच्या, म्हणजे १४० फॅरेनहाइटच्या खाली रेंगाळता कामा नये. मोठ्या भांड्यात कोमट राहिलेली मांसाची ग्रेव्ही म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूला आमंत्रण. याचे बीजाणू उकळीतही मरत नाहीत आणि त्रेचाळीस ते सत्तेचाळीस अंशांच्या आसपास ते झपाट्यानं वाढतात. खाणाऱ्याला वासावरून काही कळत नाही. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. म्हणून 'वॉर्म' हे बटण तापवायला नाही, तापलेलं राखायला आहे. प्रत्येक कुकरचं 'वॉर्म' वेगळं असतं. आमच्या दोन कुकरांपैकी एक ६८ अंशांवर राहतो, दुसरा झाकण उघडं असलं की ५८ वर येतो, म्हणून तो आम्ही 'लो'वरच ठेवतो. तुमचा कुकर कसा आहे ते आदल्या आठवड्यात नुसतं पाणी भरून बघून ठेवा. आणि भिंतीवरच्या सॉकेटला टायमर लावून कच्चं सामान पहाटेपर्यंत थंड कुकरमध्ये बसवून ठेवायचा विचार मनात आला असेल तर तो सोडून द्या.

ज्यांना सकाळी शेगडीपाशी जायचंच नाही त्यांच्यासाठी एक वाट आहे. ग्रेव्ही आदल्या संध्याकाळी पूर्ण करा, दोन इंच खोलीच्या पसरट ट्रेमध्ये ओता आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. मातीच्या भांड्यातच ठेवली तर मध्यभाग मध्यरात्रीपर्यंत कोमट राहतो. सकाळी ती खरवसासारखी थापलेली मिळेल, सुरीनं वड्या पडतील अशी. पातेल्यात घेऊन थोड्या दुधात ढवळत ७४ अंशांपर्यंत, म्हणजे १६५ फॅरेनहाइटपर्यंत तापवा आणि मग तापलेल्या कुकरमध्ये घाला. फ्रीजमधली गार ग्रेव्ही थेट कुकरमध्ये घालायची नाही, ती तासन्‌तास कोमट राहते. चव ताज्याच्या नव्वद टक्के येते. शेगडी यातूनही सुटली नाहीच, पण पंधरा मिनिटांवर आली.

बिघडली तर काय? पातळ राहिली तर वरून मैदा भुरभुरू नका, तेवढ्याच गुठळ्या होतील. दोन मोठे चमचे मऊ लोण्यात दोन मोठे चमचे मैदा बोटांनी मळा, कुकरमधली दोन कप ग्रेव्ही पातेल्यात काढा, त्यात हा गोळा विरघळवून उकळी आणा आणि परत कुकरमध्ये घाला. फार घट्ट झाली तर गरम दूध, गार नव्हे. फाटली तर फाटली. लोक मिक्सरमधून काढायला सांगतात, त्यानं सॉसेजची चटणी होते आणि फाटलेली चव जात नाही. कॉर्नफ्लोअरनं घट्ट करायचा सल्ला कुणी दिला तर कुकरसाठी तो घेऊ नका. सुरुवातीला छान चकचकीत दिसते, तास-दीड तासानं पाणी व्हायला लागते.

दोन घोटाळे आमच्याकडे प्रत्यक्ष झालेले आहेत. पहिला डब्याचा. नव्या मदतनिसाला मी इव्हॅपोरेटेड दुधाचे डबे आणायला पाठवलं. त्यानं शेजारच्या फळीवरचं 'कंडेन्स्ड' उचललं. डबे सारखेच, चित्र सारखंच. मी दुसरीकडे पाठ करून बिस्किटं भाजत होतो. पहिल्या पाहुण्यानं घास घेतला आणि अगदी नम्रपणे विचारलं, की ही तुमच्या देशातली पद्धत आहे का. सॉसेजची बासुंदी झाली होती. मराठी घरांत हे दोन्ही डबे कपाटात शेजारी शेजारीच असतात, तेव्हा डबा उघडण्यापूर्वी वाचा. दुसरा घोटाळा मैद्याचा. इथे दक्षिणेत बिस्किटांसाठी 'सेल्फ-रायझिंग' पीठ सर्रास वापरतात. नॉक्सव्हिलमध्ये १८८३ साली सुरू झालेल्या व्हाइट लिलीचं साधं आणि सेल्फ-रायझिंग अशी दोन्ही पिठं घरात असतात. दुसऱ्यात मीठ आणि बेकिंग पावडर आधीच घातलेली असते. ते ग्रेव्हीत गेलं की फेस येतो आणि चव खारट, सोड्यासारखी होते.

गोव्याच्या एका मित्रानं एकदा विचारलं होतं, आमच्याकडचं सॉसेज, म्हणजे चोरीस घालून कर ना. मीही हौसेनं केली. चोरीसमध्ये मिरची-लसणाबरोबर भरपूर व्हिनेगर मुरलेलं असतं. दुधात पडल्याबरोबर पाच मिनिटांत पनीर झालं, लाल रंगाचं. चोरीस पावातच बरं. त्यातूनही करायचंच असेल तर दुधाऐवजी टोमॅटोवर वेगळं काहीतरी करा आणि त्याला ग्रेव्ही म्हणू नका.

पंचवीस जणांत डुक्कर न खाणारं कुणीतरी असणारच, आणि पांढऱ्या ग्रेव्हीत सॉसेज कशाचं आहे ते दिसत नाही. कुकरसमोर मोठ्या अक्षरांत पाटी लावा. शाकाहाऱ्यांसाठी मी दुसऱ्या छोट्या कुकरमध्ये मशरूमची करतो. अर्धा किलो मशरूम बारीक चिरून पाणी पूर्ण आटेपर्यंत लोण्यात परतायचे, थोडा सेज, थोडी लाल मिरची, पुढची कृती तीच. तिला पळी वेगळी ठेवा आणि ती पळी तिथेच राहील यावर कुणा मोठ्या माणसाची नेमणूक करा.

न्याहारी घरी नसून एखाद्या हॉलमध्ये असेल तर सॉकेट आधी बघून या. इथल्या साध्या सर्किटवर पंधरा अँपिअर, म्हणजे १,८०० वॅट एवढाच भार चालतो. कॉफीचा मोठा बंब एकटाच १,५०० वॅट खातो, स्लो कुकर दोन-अडीचशे. बंब आणि दोन कुकर एका भिंतीला लावले की दाणकन वीज जाते. एका ठिकाणी आमचं असंच झालं, आणि कुकरचा दिवा विझलाय हे तासाभरानं कुणाच्या तरी लक्षात आलं. थर्मामीटर घातला तर ४६ अंश. दोन्ही कुकर ओतून दिले. लोकांनी बिस्किटांवर जाम लावून खाल्लं. बंब वेगळ्या भिंतीला लावा.

बिस्किटं ग्रेव्ही 'वॉर्म'वर गेल्यावरच ओव्हनमध्ये घाला, २२० अंशांना पंधरा मिनिटं. उकललेल्या बिस्किटावर ग्रेव्ही ज्यानं त्यानं आपल्या हातानं घेऊ द्या. आधीच ओतून ताटं मांडून ठेवलीत तर पाच मिनिटांत खालचं बिस्किट लगदा होतं. उरलेल्या ग्रेव्हीला वाढायला काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रीज किंवा कचऱ्याचा डबा, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस.

आणि रिकाम्या झालेल्या गरम मातीच्या भांड्यात गार पाणी ओतू नका. कडेला चिकटलेली ग्रेव्ही बघून हात नळाकडे जातोच, माझाही गेला होता. टक्‌ असा बारीक आवाज आला आणि बुडापासून काठापर्यंत केसाएवढी चीर गेली. भांडं निवेपर्यंत तसंच ठेवा, मग कोमट पाणी घालून अर्धा तास भिजू द्या. सगळं आपोआप सुटतं.